नाक्यावरचा फळा कोण लिहितं ते माहीत असायचं, ग्रुपवर येतं ते कोण लिहितं?

उपनगरातली_अॅडमिन

नमस्कार मंडळी, प्रश्न लांबलाय पण शेवटपर्यंत वाचा प्लीज. मी आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपची अॅडमिन आहे. बिल्डिंग जुनी, ८४ घरं, ग्रुपमध्ये दीडशेच्या वर माणसं कारण एकेका घरातून दोघं-तिघं आहेत. ग्रुप काढला होता पाण्यासाठी. पाणी किती वाजता, पंप बिघडलाय का, टँकर मागवलाय का, एवढंच. लॉकडाऊनमध्ये त्याच ग्रुपवर भाजी, औषधं, कोणाला ताप, कोणाच्या डब्याची सोय सगळं चाललं आणि मनापासून सांगते, त्या दिवसांत त्या ग्रुपने आम्हाला धरून ठेवलं.

मग हळूहळू राजकारण शिरलं. आधी सणांच्या शुभेच्छांवर पुढाऱ्यांचे फोटो, मग भाषणांचे तुकडे, मग रोज सकाळी उठल्याबरोबर वीस-पंचवीस फॉरवर्ड. गेल्या निवडणुकीच्या वेळी एका उमेदवाराचा व्हिडिओ आला, जेमतेम वीस सेकंदांचा, त्यात तो आमच्या भागातल्या लोकांना फुकटे म्हणतोय. टाकला तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी. चौथ्या मजल्यावरचे दादा त्याच पक्षाचं काम करतात, कितीतरी वर्षं, पावसात पाणी भरलं की पहिले खाली उतरणारे तेच. जे भांडण झालं ते मी इथे लिहू शकत नाही. दोन दिवसांनी कोणीतरी अख्खं भाषण शोधून टाकलं तर तो माणूस विरोधकांचं वाक्य वाचून दाखवत होता, "आम्हाला फुकटे म्हणतात" असं. पुढचा-मागचा भाग कापला होता. काकांनी सॉरी म्हटलं पण तोवर व्हायचं ते झालं. त्या वर्षी गणपतीला ही दोन घरं एकमेकांकडे गेली नाहीत.

माझं लहानपण परळच्या चाळीतलं, वडील गिरणीत होते. नाक्यावर फळा होता, त्यावर रोज सकाळी एक माणूस खडूने लिहायचा, मोर्चा कधी, सभा कुठे, कोणाच्या विरोधात काय. तो कोण, कुठल्या खोलीत राहतो, कोणाचा मुलगा सगळं माहीत. वडिलांना काही पटलं नाही की तिथेच उभं राहून विचारायचे, "हे कुठून आणलंस रे?" तो वाद घालायचा, कधी ओल्या फडक्याने पुसायचाही. पण समोर असायचा. आता काकांना मी विचारलं कुठून आलं तर म्हणाले मेव्हण्याकडून. मेव्हण्याला त्याच्या ऑफिसच्या ग्रुपवरून. त्याच्या मागे कोण, कोणालाच माहीत नाही.

दुसरी बाजूही सांगते. मागच्या पावसाळ्यात आमच्या गल्लीतल्या मॅनहोलचं झाकण गेलं होतं, दोन लेखी तक्रारी देऊन काही झालं नाही, शेजारच्या मुलीने रील करून पालिकेला टॅग केलं तर त्याच संध्याकाळी झाकण आलं. म्हणून मला सोशल मीडिया वाईटच असंही म्हणता येत नाही.

तर छोटा प्रश्न असा की ग्रुपवर राजकारण पूर्ण बंद करू का, आणि मोठा असा की या सगळ्याने राजकारण आपल्या हातात आलं का निसटलं? तुमच्याकडे काय झालं ते सांगा.

डोंबिवली_फास्ट_७४२

ताई सरळ बंद करा. आमच्याकडे ओन्ली अॅडमिन केलं, पाणी लिफ्ट मेंटेनन्स बास. ज्याला राजकारण करायचंय त्याने वेगळा ग्रुप काढावा. शेजारी आयुष्यभर लागतो, उमेदवार पाच वर्षांनी येतो.

कोर्ट_नाका

मी वकिली करतो म्हणून कायद्याचं आधी सांगतो, बऱ्याच अॅडमिनना उगाच भीती असते. मार्च २०२१ मध्ये मुंबई हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने सांगितलंय की दुसऱ्या सदस्याने काही आक्षेपार्ह टाकलं तर निव्वळ अॅडमिन आहे म्हणून कोणावर गुन्हा लागत नाही, दोघांनी ठरवून केलं असेल तर गोष्ट वेगळी. कारण सोपं आहे, अॅडमिन माणूस आत घेऊ शकतो बाहेर काढू शकतो, पण मेसेज येण्याआधी तो कसा वाचणार? तेव्हा ताई, भीतीपोटी ग्रुप बंद करू नका, करायचा तर तुम्हाला योग्य वाटतं म्हणून करा.

आणि बंद करा म्हणणाऱ्या सगळ्यांनाच एक आठवण करून देतो. नोव्हेंबर २०१२, बाळासाहेब ठाकरे गेले, मुंबई बंद होती, पालघरच्या एका मुलीने त्या बंदबद्दल फेसबुकवर चार ओळी लिहिल्या आणि तिच्या मैत्रिणीने लाइक केलं. दोघींना अटक. लाइक केलं म्हणून अटक! त्यातूनच आयटी अॅक्टच्या ६६अ कलमाला, म्हणजे ऑनलाइन आक्षेपार्ह लिहिलं म्हणून अटक करता यायची त्या कलमाला, सुप्रीम कोर्टात आव्हान गेलं आणि २४ मार्च २०१५ ला श्रेया सिंघल खटल्यात ते कलम रद्द झालं. पुढे २०२३ मध्ये केंद्राने नियम आणला की सरकारी कामाबद्दल ऑनलाइन काय खोटं ते सरकारचंच फॅक्ट चेक युनिट ठरवणार. तेही आपल्या हायकोर्टात आलं, जानेवारी २०२४ मध्ये दोन न्यायमूर्तींचं एकमत झालं नाही, मग तिसऱ्या न्यायमूर्तींकडे गेलं आणि २० सप्टेंबर २०२४ ला तो नियम घटनाबाह्य ठरला. ऑनलाइन बोलायचा हक्क मिळवायला लोकांनी कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्यात हो, तो आपण सोसायटीच्या पातळीवर एका बटणाने बंद करून टाकायचा हे मला पटत नाही.

दोन_निवडणुका

ताईंचा "कोण लिहितं" हा प्रश्न वाचून लॉगिन केलं कारण मी लिहायचो. पक्ष सांगत नाही, दोन निवडणुकांत एका उमेदवाराच्या वॉर रूममध्ये पगारावर होतो, आता सोडलंय.

काम कसं चालतं ते सांगतो. दर बूथला एक ग्रुप, त्यात गटप्रमुखाच्या ओळखीचे दोन-अडीचशे लोक. मटेरियल वरून येतं, सकाळी एक लॉट आणि रात्री जेवणानंतर एक, कारण त्या वेळी लोक मोबाईल घेऊन बसतात. आम्ही ते थेट पक्षाच्या नावाने टाकतच नव्हतो. साधा माणूस शोधायचा, ज्याला सगळे मानतात, निवृत्त शिक्षक, भजनी मंडळवाले, सोसायटीचे सेक्रेटरी, त्यांच्यापर्यंत पोचवायचं आणि मग ते आपणहून पुढे ढकलतात. ताई, तुमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या काकांसारखी माणसं. म्हणून त्यांच्यावर राग धरू नका, त्यांना वाटलं ते शेजाऱ्यांना जागं करतायत. त्यांच्यावरचा विश्वास आम्ही वापरला, हे लिहिताना मला आजही त्रास होतो.

दुसरा प्रकार पेजेस. "आपला परिसर", "वॉर्डाची बातमी" असल्या धाटणीचं नाव, वर्षभर खड्डे, लोकलची गर्दी, वडापाव कुठे चांगला हे टाकत राहायचं, फॉलोअर जमवायचे आणि निवडणुकीच्या दोन महिने आधी हळूच वळवायचं. वाचणाऱ्याला कळतही नाही कधी वळलं. व्हिडिओचं म्हणाल तर चाळीस मिनिटांच्या भाषणातून वीस सेकंद काढणारी पोरं वेगळी बसायची, त्यांना अख्खं भाषण ऐकायला वेळच नसायचा, आवाज चढला की कापा.

नियम आहेत. निवडणूक आयोगाने ऑक्टोबर २०१३ पासून सांगितलंय की उमेदवाराने अर्जासोबतच्या प्रतिज्ञापत्रात आपली सोशल मीडिया खाती द्यायची, जाहिरात आधी तपासून घ्यायची, खर्च हिशोबात धरायचा. महाराष्ट्रात विधानसभेच्या उमेदवाराची खर्चाची मर्यादा ४० लाख आहे. पण मर्यादा उमेदवाराला, पक्षाला मर्यादाच नाही. आणि ही जी बिननावाची पेजेस, ती कोणाच्याच खर्चात नसतात, कोणी विचारलं तर समर्थकाने स्वतःहून केलं.

मतदान संपायच्या आधी ४८ तास प्रचार बंद, हेही कागदावर. मैदानातला भोंगा बंद होतो, मोबाईल कोण बंद करणार? २० नोव्हेंबर २०२४ ला विधानसभेचं मतदान होतं, आदल्या संध्याकाळी सुप्रिया सुळे आणि नाना पटोले यांच्या आवाजातल्या म्हणून ऑडिओ क्लिप फिरायला लागल्या. दोघांनीही आवाज आपला नाही म्हणून सांगितलं, सुळेंनी तक्रार केली. आयोगाने त्याच वर्षी मे महिन्यात पक्षांना सांगितलं होतं की बनावट मजकूर लक्षात आणून दिल्यावर तीन तासांत काढा. आता हिशोब करा, रात्री क्लिप फिरली आणि सकाळी सातला रांग लागली, त्या मधल्या तासांत खुलासा किती जणांपर्यंत पोचतो? मी अनुभवाने सांगतो, खुलाशाचं मटेरियल आम्हीही बनवायचो आणि ते कधीच तेवढं पळायचं नाही.

निळी_टोपी_दादर

सगळे फळ्याच्या आठवणी काढतायत म्हणून लिहितो, राग मानू नका ताई. तो फळा ज्याचा नाका त्याचा होता. आमच्या वस्तीतल्या पोराने जाऊन त्यावर लिहिलं असतं तर? खडूला हात लावू दिला असता का कोणी?

दरवर्षी ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर लाखो माणसं येतात. माझ्या लहानपणी घरात पेपर यायचा त्यात दुसऱ्या दिवशी ट्रॅफिक किती झालं आणि शिवाजी पार्कात कचरा किती पडला हे असायचं. पुस्तकांचे स्टॉल, विदर्भ-मराठवाड्यातून दोन दोन दिवस प्रवास करून आलेल्या म्हाताऱ्या बाया, ज्या बाबासाहेबांचं पुस्तक विकत घेऊन पिशवीत ठेवतात, ते दिसायचं नाही. आता तिथली पोरं स्वतः लाइव्ह करतात, पुस्तकांच्या याद्या टाकतात, जेवण पाणी कुठे मिळेल ते सांगतात आणि कोणी कचऱ्याची बातमी केलीच तर साफसफाई करणाऱ्या कार्यकर्त्यांचे फोटो खाली टाकतात. कोणाच्या परवानगीची वाट बघावी लागत नाही.

मार्च २०१८ चा किसान लाँग मार्च आठवा. ६ तारखेला नाशिकहून निघाले, चालत, १२ ला आझाद मैदानात. सुरुवातीचे दिवस शहरातल्या लोकांना पत्ता नव्हता. मग सोललेल्या, रक्ताळलेल्या पायांचे फोटो फिरले आणि लोक पाणी बिस्किटं चपला घेऊन रस्त्यावर आले. दहावीची परीक्षा होती म्हणून शेतकरी सोमय्या मैदानातून रात्रीच निघाले, मुलांना सकाळी ट्रॅफिकचा त्रास नको म्हणून, हे मुंबईला मोबाईलवरूनच कळलं. त्या आधी या शहराने आदिवासी शेतकऱ्याला कधी एवढं बघितलं होतं? मागण्या मान्य म्हणून सरकारला लेखी द्यावं लागलं.

तेव्हा तोटा झालाय हे कबूल, पण ज्यांना आधी काही मिळतच नव्हतं त्यांना विचारा.

आरे_२०१९

निळी टोपी दादाशी सहमत, फक्त एक जोडते. लाँग मार्चच्या मागे किसान सभेची गावोगावची बांधणी होती, वर्षानुवर्षांची. फोटो नंतर आले. नुसत्या ट्रेंडवर माणसं जमत नाहीत. डिसेंबर २०११ मध्ये अण्णा हजारेंचं लोकपालसाठीचं उपोषण बीकेसीच्या एमएमआरडीए मैदानावर होतं, त्याआधी फेसबुक नुसतं अण्णामय झालं होतं, आणि मैदान रिकामं दिसलं, दुसऱ्याच दिवशी उपोषण सुटलं. मी गेले होते, मला तो रिकामा मांडव विसरता येत नाही.

आरेचं मात्र मी आतून पाहिलंय, म्हणजे गोरेगावच्या आरे वसाहतीत मेट्रोच्या कारशेडसाठी झाडं तोडायची होती, तो लढा. ४ ऑक्टोबर २०१९, शुक्रवार, दिवसा हायकोर्टाने याचिका फेटाळल्या आणि रात्रीच करवती सुरू. आम्हाला कळलं कसं तर आरेतल्या पाड्यांवरच्या लोकांनी ग्रुपवर व्हिडिओ टाकले, अंधारात काही दिसत नव्हतं, फक्त आवाज. तासा-दोन तासांत शेकडो माणसं गेटवर. २९ जणांना अटक झाली. रविवारी कायद्याच्या विद्यार्थ्यांनी सरन्यायाधीशांना पत्र लिहिलं, त्याचीच याचिका झाली आणि सोमवारी ७ तारखेला सुप्रीम कोर्टाने तोड थांबवली. तोवर दोन हजारांवर झाडं गेली होती.

मोबाईल नसता तर सकाळी उठून मोकळी जमीन बघितली असती. आणि मोबाईल असूनही झाडं गेली, कारशेडही शेवटी तिथेच झाली, आरे ते बीकेसी मेट्रो ऑक्टोबर २०२४ पासून धावतेय. मधल्या काळात आरेतली ८०० एकरांच्या आसपास जमीन राखीव वन करायचा निर्णय झाला, त्यासाठी जे लोक वर्षभर नकाशे, माहिती अधिकाराची उत्तरं, सातबारे घेऊन फिरले त्यांच्यातल्या अर्ध्यांचं इन्स्टा अकाउंटही नव्हतं. मॅनहोलच्या रीलबद्दल तेच सांगेन ताई, झाकण आलं याचा आनंद आहेच, पण पुढच्या गल्लीत रील करणारी मुलगी नसेल तर तिथलं झाकण कोण आणणार? आणि मार्च २०२२ ला पालिकेची मुदत संपली तेव्हापासून चार वर्षांच्या आसपास या शहरात नगरसेवकच नव्हते, २२७ वॉर्ड आणि दार वाजवायला कोणी नाही, म्हणून तर लोक टॅग करायला शिकले. ती सोय म्हणून ठीक आहे, सवय व्हायला नको होती असं मला मनापासून वाटतं.

इलेक्शन_ड्युटी_बाई

मी पालिका शाळेत शिक्षिका आहे, निवडणुकीची ड्युटी करते.

२०२४ च्या लोकसभेला मुंबई उत्तर पश्चिमचा निकाल ४८ मतांनी लागला. अट्ठेचाळीस! ताई, तुमच्या ८४ घरांच्या बिल्डिंगपेक्षा कमी. म्हणजे एका ग्रुपवर काय फिरतं याने काय होऊ शकतं बघा. पण मला त्यानंतरचं जास्त लागलं. जूनच्या मध्यावर एका पेपरात आलं की गोरेगावच्या मतमोजणी केंद्रात कोणीतरी मोबाईलवर ओटीपी घेऊन ईव्हीएम उघडलं. दुपारपर्यंत देशभर पसरलं. त्याच दिवशी निवडणूक अधिकाऱ्यांनी पत्रकार परिषद घेऊन सांगितलं की ईव्हीएमला ओटीपी लागतच नाही, ते कुठल्याही नेटवर्कला जोडलेलं नसतं. पेपरनेही नंतर चूक मान्य केली. तरी आजही स्टाफरूममध्ये मला विचारतात, "बाई तो ओटीपी कोणाकडे येतो?" शिकलेली माणसं.

केंद्रात मोबाईल नेलाच कसा हा प्रश्न खरा होता, त्याचा गुन्हाही दाखल झाला, पण ओटीपीच्या गोंधळात तोच प्रश्न बाजूला पडला. आम्ही पहाटे साडेपाचला सगळ्या पक्षांच्या एजंटांसमोर मॉक पोल म्हणजे चाचणी मतदान घेतो, किमान ५० मतं टाकून मोजून दाखवतो, संध्याकाळी १७सी फॉर्मवर किती मतं पडली ते लिहून एजंटला प्रत देतो. ज्यांना शंका आहे त्यांनी एकदा एजंट म्हणून येऊन बसा की. दरवेळी निम्म्या बूथवर सगळ्या पक्षांचे एजंट पूर्ण वेळ बसलेलेही नसतात, माझा तरी हाच अनुभव.

माणदेशी_मुंबईकर

राजकारणावरून भांडण होतं ते ठीक, अफवेने माणूस मरतो. १ जुलै २०१८ ला धुळ्यात राईनपाड्याला पाच जणांना मुलं पळवणारे समजून ठेचून मारलं. मंगळवेढ्याकडची भटकी माणसं होती, भिक्षा मागायला गेलेली, आमच्या बाजूची. त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपने भारतात फॉरवर्ड पाच चॅटवर आणलं. पाच जीव गेल्यावर पाच. मी तेव्हापासून आईच्या फोनवर काहीही आलं की पहिलं विचारतो हे तू ओळखतेस त्या माणसाने स्वतः बघितलंय का. यापलीकडे मला काही सुचत नाही.

उपनगरातली_अॅडमिन

सगळ्यांचे आभार. निळी टोपी दादा, राग कशाला मानू, तुमचं वाचून वडिलांचा फळा मी वेगळ्याच नजरेने आठवला. तिथे कोण लिहायचं ते मला ठाऊक होतं, कोणाला लिहू देत नव्हते याचा मी कधी विचारच केला नव्हता.

ग्रुप बंद करत नाहीये. काल मीटिंगमध्ये ठरलं ते असं, राजकीय काही टाकायचं तर स्वतःचं म्हणून, आपल्या शब्दांत लिहायचं, नुसतं फॉरवर्ड आलं की मी काढणार, कोणत्याही पक्षाचं असो. व्हिडिओचा तुकडा असेल तर अख्ख्याची लिंक हवी. दोघा-तिघांनी कुरकूर केली. चौथ्या मजल्यावरचे दादा काही बोलले नाहीत पण मीटिंगला आले होते, काकाही होते, लांब लांब बसले होते.

दोन_निवडणुका दादा, तुम्ही पेजचं लिहिलंत म्हणून रात्री काकांसोबत बसून ते ज्या पेजवरचं रोज टाकतात ते उघडलं. पेजच्या माहितीत जुनी नावं दिसतात हे मला माहीतच नव्हतं. तीन नावं बदललीयत, सगळ्यात पहिलं नाव कोकणी रेसिपीचं होतं. काका बराच वेळ फोन हातात घेऊन गप्प बसले. आता हे पेज चालवायला पैसे कोण देतं ते कुठे बघायचं?

दोन_निवडणुका

त्या पेजने पैसे भरून जाहिरात केली असेल तर फेसबुकच्या अॅड लायब्ररीत पेजचं नाव टाका, राजकीय जाहिरातीवर पैसे कोणी भरले त्याचं नाव आणि अंदाजे रक्कम येते, मागच्या सात वर्षांपर्यंतचं बघता येतं. नाव बहुतेक वेळा तुम्ही कधी ऐकलेलं नसेल, ते गूगल करा. पण जाहिरात न करता नुसत्या पोस्ट टाकत असतील, म्हणजे पोरं पगारावर बसवून, तर तिथे काहीही दिसणार नाही. आमचं निम्म्याहून जास्त काम तसंच चालायचं.